एका बोटाचं टायपिंग

१२ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद देते, पण आज मनापासून निघत नाहीत. तुझं जहाज बंदराला लागून गेलंसुद्धा, तुमच्या कंपनीच्या कचेरीतल्या माणसाने मला स्वतः सांगितलं, आणि तुझी एक ओळ नाही. बुडालास म्हणावं तर तशीही बातमी नाही.

अण्णा तसेच आहेत. पक्षाघाताला आता आठ महिने होत आले. उजवी बाजू लाकूड झाली आहे. वाचा गेली ती गेलीच. नजर इतकी मंदावली आहे की समोर कोण आलंय ते आवाजावरून ओळखतात. ओळखतात असं मी म्हणते, डॉक्टर तेही म्हणत नाहीत. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालतं. बाकीची मुठीत मिटून असतात, ती मी रोज कोमट पाण्यात धरून सोडवते आणि ती पुन्हा मिटतात.

मागे तुला लिहिलं होतं की ते सारखे कॉम्प्युटरकडे हात करतात. प्रेसने निवृत्तीच्या वेळी दिलेला तो जुना डबा. मला वाटलं, जन्मभर टायपिंग केलेला माणूस, बोलता येत नाही तर लिहील. म्हणून टेबल ओढून पलंगाला लावलं आणि कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. पहिल्या दिवशी मी आणि शेजारच्या काकू पडद्यासमोर अशा उभ्या राहिलो, जसा काही निकालच लागणार होता. लागला. नुसती इंग्रजी अक्षरं, ना शब्द, ना अर्थ. तीन अक्षरं, मग स्वल्पविराम, आणि थांबले. पुढे काय लिहायचं ते विसरून गेल्यासारखे.

तेव्हापासून रोज हेच. मी कारखान्यातून येऊन चपला काढते तोवर यांचं सुरू. टक, टक, टक, टक. मग बोट तोंडाकडे. भूक लागली म्हणावं तर काकूंनी नुकतंच भरवलेलं असतं. तरी मी वाटी घेऊन बसते, तर दात आवळतात. जबरदस्ती केली तर थुंकतात. दिवसभर मी शर्टांची बटणं तपासते आणि घरी येऊन अण्णांची. शर्टाचं बटण सैल निघालं तर परत तरी पाठवता येतं.

डॉक्टरांना एक पान छापून दाखवलं. त्यांनी ते उभं आडवं धरून पाहिलं आणि म्हणाले, "भाषेचा भाग गेलाय. ही नुसती हाताची सवय. मनात काही नाही, बाई. उगाच शोधत बसू नका."

मनात काही नाही, हे ऐकल्यापासून माझ्या अंगातलं त्राण गेलं आहे. इतके दिवस मी कोणाची तरी सेवा करत होते. आता वाटतं, कोणाची करतेय?

काकू पुढच्या महिन्यात लेकीकडे राहायला जाणार आहेत. मग दिवसा यांच्यापाशी कोण? गावाबाहेर एक शुश्रूषा केंद्र आहे. मी बघून आले. खोल्या लांबलचक आहेत, पण स्वच्छ आहेत. तिथे दोन्ही मुलांचा होकार लागतो. तुझा पाठव. माझी समजूत घालू नकोस, ती मी माझी मीच घालून झाले आहे.

तुझी,
ताई

*

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार करतो, पाठीत धपाटा घालायचा तर आत्ताच घालून घे. मागच्या बंदरात आम्हाला खाली उतरूच दिलं नाही, इंजिनाचा एक पंप उघडून बसलो होतो. तुझं पत्र काल हातात पडलं आणि जेवण गेलं नाही.

होकार देणार नाही. रागाव.

बोट चालतंय म्हणतेस. हे चांगलं लक्षण नाही का? आमच्या इथे इंजीन बंद पडलं आणि एक जरी काटा हलत असला तरी आम्ही त्याला बंद म्हणत नाही. त्यांना जरा उन्हात बसव. रेडिओ लावून दे. काकूंच्या जागी दुसरी बाई बघ, शोधलं तर मिळतं माणूस. मी जूनमध्ये येतोच आहे. तोवर कळ काढ.

मला अण्णांचे हात आठवतात. तू कधी प्रेसमध्ये आली नाहीस, म्हणून तुला कळणार नाही. प्रेसच्या म्हाताऱ्या ज्यू मालकांनी त्यांना आपली हिब्रू शिकवली, ते दोन भाषांच्या पुस्तकांसाठी. एका पानावर इंग्रजी, शेजारी हिब्रू, आणि कधी कधी एकाच ओळीत दोन्ही. इंग्रजी डावीकडून चालत येतं, हिब्रू उजवीकडून. मध्ये एखादा आकडा घातला की पूर्णविराम उडी मारून भलत्याच टोकाला जातो. बाकीचे टायपिस्ट डोकं धरून बसायचे. अण्णा मात्र पडद्याकडे न बघता, मालकांशी गप्पा मारत ओळ संपवायचे. म्हणायचे, दोन दारांच्या खोलीत बसलं की कोण कुठल्या दाराने येतोय तेवढं ओळखावं, बाकी काही नसतं. मलाही थोडं शिकवलं होतं. त्यांच्या पलीकडच्या खुर्चीवर बसून मी टक टक करायचो आणि ते हसायचे.

अशा माणसाच्या मनात काही नाही, असं कोणी डॉक्टर सांगतो आणि तू ऐकून घेतेस?

जूनपर्यंत थांब, ताई. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
ठोंब्या

*

२५ फेब्रुवारी

ठोंब्या,

आज आशीर्वाद नाहीत.

उन्हात बसव म्हणतोस. जिना कोण उतरवणार? मी एका खांद्यावर अण्णा घेऊ आणि दुसऱ्यावर खुर्ची? रेडिओ लाव म्हणतोस. लावला होता. रडायला लागले. दुसरी बाई बघ म्हणतोस. दोन आल्या, दोन गेल्या. एकीने तर संध्याकाळपर्यंतही कळ काढली नाही. कळ काढणं काय असतं ते मला समुद्रावरून शिकवू नकोस.

आणि मी प्रेसमध्ये कधी आले नाही, बरोबर. तुला सुट्टीत घेऊन जायचे आणि मला घरी ठेवायचे. आई गेल्यावर स्वयंपाकघर माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी काही फार मोठी नव्हते. तू खुर्चीवर बसून टक टक करत होतास तेव्हा मी तुमच्या दोघांचे डबे भरत होते. त्याबद्दल आजवर बोलले नाही. आज तूच विषय काढलास.

आता जे लपवलं होतं ते सांगते. गेल्या आठवड्यात कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मला घेरी आली. शुद्धीवर आले तेव्हा मुकादमबाई तोंडावर पाणी मारत होत्या. त्यांनी विचारलं, शेवटचं कधी जेवलात? मला आठवेना. अण्णांचं भरवून होईपर्यंत माझी भूक मेलेली असते. सकाळी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते, कधी तेही राहतं. हातातल्या घड्याळाचा पट्टा आता दोन भोकं आत गेलाय.

त्याच दिवशी घरी आले. काकूंनी दार उघडलं आणि मला बघून म्हणाल्या, "अगं, काय हा चेहरा." आतून टक, टक, टक, टक. मी अजून बसलेही नव्हते. पुन्हा तेच. मग तोंडाकडे बोट. मी म्हटलं, "अण्णा, पुरे." त्यांनी माझी बाही धरली आणि दुसऱ्यांदा तेच केलं. बाही सोडेनात. बटण तुटलं माझं. मी ओरडले. त्यांच्यावर मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. म्हटलं, "बास करा, तुम्हाला काही कळत नाही, बास करा आता." आणि कीबोर्ड त्यांच्या मांडीवरून ओढून घेतला आणि कपाटावर टाकला.

ते बोट नुसतं चादरीवर आपटत राहिलं. काकू बघत होत्या. मला त्या वेळी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

कीबोर्ड अजून कपाटावरच आहे. मी काढून दिला नाही. तू काय म्हणायचं ते म्हण.

डॉक्टरांना दाखवलेलं पान सोबत पाठवते. तुला तुझ्या अण्णांचे हात आठवतात ना? हे बघ त्या हातांचं काम. कागद वाटेत ओला होऊन शाई पसरेल म्हणून इथेही लिहून ठेवते. पहिल्या ओळीत एन एच ओ, एन एच ओ, एन एच ओ. मग टी यू आर. मग जे के यू आय, हे दोन वेळा. मग एफ यू टी सी. आणि त्याच्या खाली पानभर, पानभर ठोंब्या, टी एफ के स्वल्पविराम, टी एफ के स्वल्पविराम. वाच आणि मला सांग, यात माझे वडील कुठे आहेत.

केंद्रात जागा झाली आहे. मी तिथल्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, भाऊ समुद्रावर असेल तर तुमची एकटीची सही चालेल. १० मार्चला नेणार आहे. तुझं उत्तर तोवर येत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच तारीख कळवते.

ताई

*

१८ मार्च

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस आधी.

तुझं पाकीट आज सकाळी मिळालं. पान उघडलं आणि तसाच वर धावलो. कप्तानाच्या हातापाया पडून फोन मागितला. काकूंचा नंबर लावला, नुसती घंटी वाजत राहिली. त्या लेकीकडे गेल्या असतील. आता हे पत्र लिहितोय आणि मला माहीत आहे की १० तारीख उलटून गेली आहे. तू त्यांना नेलं नसलंस तर नेऊ नकोस. नेलं असलंस तर आज जा.

ते इंग्रजी नाही. ते हिब्रू आहे.

नीट सांगतो. कीबोर्ड एकच असतो. बटणांवर इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, पण कॉम्प्युटरला सांगितलं की तीच बटणं हिब्रू होतात. सांगायचं कसं, तर डावीकडे खाली कोपऱ्यात ऑल्ट आणि शिफ्ट अशी दोन बटणं आहेत, ती दोन्ही एकदम दाबायची. अण्णा दिवसातून शंभर वेळा दाबायचे. बटणांवर हिब्रू अक्षरं कधी चिकटवलीच नाहीत त्यांनी, लागायचीच नाहीत. कॉम्प्युटर चालू केला की तो इंग्रजीतच उघडतो. दोन बटणं एकदम दाबायला दोन बोटं लागतात, ताई. त्यांच्याकडे एकच आहे.

आठवून बघ, सुरुवात करताना ते खाली कोपऱ्यात चाचपायचे का? आधी एक बटण, मग दुसरं?

आणि पडदा त्यांना दिसत नाही. त्यांना वाटत असणार, आपण स्वच्छ लिहितोय. ताईला हिब्रू येत नाही हे त्यांना माहीत नाही का, असं तू म्हणशील. मलाही तेच वाटलं. पण आमच्या जहाजावरच्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, अशा माणसाला कानावर पडलेल्या बोलण्याचा अर्थ लागतोच असं नाही, आणि आपण कुठल्या भाषेत आहोत तेही कळतंच असं नाही. अण्णांनी मराठी कधी टाइप केलेलं नाही. बोटाला जी वाट पाठ होती त्या वाटेने ते निघाले. त्यांच्या मनात ते तुझ्याशी आपल्या घरच्या भाषेतच बोलत असतील. आणि तू समोर उभी राहून उत्तर देत नाहीस.

आता काय लिहिलंय ते. एन एच ओ म्हणजे मेम, योद आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम, ही हिब्रू अक्षरं. पाणी. टी यू आर म्हणजे दिवा, उजेड. जे के यू आय, खिडकी. एफ यू टी सी, दुखतंय.

खालचं पानभर जे आहे ते एकच आहे. तो स्वल्पविराम नाही, ताई. त्या बटणावर हिब्रूचं शेवटचं अक्षर असतं. वाक्य तुटलेलं नाही, पूर्ण आहे. टी, एफ, के आणि ते बटण. अखाल्त. म्हणजे, जेवलीस का?

तू कामावरून आलीस की तेच विचारत होते. तोंडाकडे बोट दाखवत होते ते तुझ्या जेवणासाठी. दात आवळत होते कारण घास तू खायचा होतास.

मी पान पुन्हा पुन्हा शोधलं. माझ्यासाठी त्यात काही नाही. नसणारच. मी तिथे कुठे होतो.

सोबत कीबोर्डचं चित्र काढलंय, प्रत्येक इंग्रजी बटणाखाली हिब्रू अक्षर आणि त्याचा उच्चार. पाठीमागे मला येतात तेवढे शब्द, कुठली बटणं ते लिहून. हो, नाही, पाणी, दुखतंय, कोण, काय, कुठे, ऊन, थंडी, जेवलीस, जेवले. जेवले हे सोपं आहे, तीच चार बटणं आणि पुढे एच. मी नीट शिकलो असतो तर जास्त लिहिले असते. मी हसण्यावारी नेलं.

मी तुला कळ काढ म्हटलं होतं. ते पत्र फाडून टाक.

ठोंब्या

*

९ एप्रिल

ठोंब्या,

पत्र ४ तारखेला मिळालं. कंपनीच्या कचेरीतून घेतलं आणि तू बस म्हणालास तरी दारातच उभ्याने वाचलं. मग बसले, पायरीवर. कचेरीतल्या माणसाला वाटलं तू गेलास. तो पाणी घेऊन आला. मी म्हटलं, नाही हो, सगळे जिवंत आहेत, तेच तर झालंय.

अण्णा १० मार्चपासून केंद्रात आहेत. नेताना ते काही करत नव्हते, फक्त दाराच्या चौकटीला त्यांनी त्या बोटाने धरलं होतं. एका बोटाने किती धरणार. मी सोडवलं.

मी शर्टातला चुकलेला टाका हातभरावरून ओळखते. पगार त्याचाच घेते. आणि माझ्या घरात महिनोन् महिने एक माणूस मला तेच तेच विचारत होता. कोपऱ्यात चाचपायचे का, असं तू विचारलंस. चाचपायचे. रोज. आधी एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. मला वाटायचं, हात थरथरतोय. खिडकी मी रोज उघडी ठेवायचे, हवा यावी म्हणून. ती बंद कर म्हणत होते की अजून उघड म्हणत होते, ते आता कोणाला विचारू? आणि पाणी. पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच देत होते मी, वाटीने मोजून.

तुझ्यावर खूप राग आला. तुला येत होतं आणि तू नव्हतास. मला येत नव्हतं आणि मी होते. मग राग कोणावर धरायचा तेच कळेना. अण्णांवरही धरून बघितला. मला एका सुट्टीत तरी न्यायचं होतं प्रेसमध्ये.

तशीच उठले, घरी जाऊन कीबोर्ड कपाटावरून काढला, पुसला आणि पिशवीत घालून केंद्रात गेले. आख्खा कॉम्प्युटर नेता येत नाही, तिथे तसा नियमच आहे. वायर पिशवीबाहेर लोंबत होती. नर्स म्हणाली, "अहो ताई, हे कुठे जोडणार?" म्हटलं, "कुठेच नाही." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी अण्णांकडे इतके महिने पाहत होते.

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. खूप वाळले आहेत. नर्स म्हणाली, आल्यापासून असेच असतात, बोट हलवणंही थांबलंय. मी हाक मारली. मान वळली नाही. कीबोर्ड मांडीवर ठेवला, हात त्यावर ठेवला. हात नुसता पडून राहिला. त्या दिवशी मी परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी तर मला वाटलं, डॉक्टर आता खरे ठरले. आधी चूक होते, माझ्या हातून ते खरे ठरले.

काल मात्र वेगळं केलं. वायर कशालाच जोडलेली नाही, हे मला कळत होतं रे. तरी आधी ती कोपऱ्यातली दोन बटणं मी दोन बोटांनी एकदम दाबली. तुझ्या चित्रात बघून, घट्ट. त्याचा एक आवाज होतो, दोन बटणांचा मिळून एक. अण्णांची मान हलली. मी पुन्हा दाबली. त्यांनी तोंड माझ्याकडे केलं.

मग मी त्यांचं बोट धरलं आणि एकेका बटणावर नेऊन दाबलं. टी. एफ. के. स्वल्पविराम. एच. जेवले. त्यांचं बोट हललं नाही. मला वाटलं, कळलं नाही. पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी शेवटच्या बटणावर त्यांचं बोट माझ्या आधी पोचलं.

मला रडू आवरलं नाही. नर्स आली, बघून गेली.

थोड्या वेळाने बोट आपणहून निघालं. फार हळू. एन. मग बराच वेळ काही नाही. मग व्ही. आणि थांबलं. मी तुझा कागद उलटा करून शोधायला लागले, ओळच सापडेना. सापडली. काय.

काय जेवलीस, असं विचारत होते.

मी खोटं बोलले होते, ठोंब्या. मी जेवले नव्हते. डबा भरलेला तसाच पिशवीत होता. आता 'नाही' लिहायचा मला धीर नव्हता, आणि खोटं सांगायला माझ्याकडे कुठल्या पदार्थाचा शब्द नव्हता. मग मी डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यांचा हात डब्यावर ठेवला. भात होता, सकाळचा, गार. त्यांचा हात डब्यावर तसाच ठेवून मी सगळा खाल्ला. प्रत्येक घासाला डबा हलायचा आणि त्यांचं बोट कडेवरून फिरायचं. संपला तेव्हा त्यांनी बोट आत घालून बघितलं. तळापर्यंत.

मग झोपले.

केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, घरी नेऊ का? ते म्हणाले, आता हलवण्यात अर्थ नाही. गिळणं बंद होत चाललंय. किती दिवस ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मुकादमबाईंना सांगून मी अर्धा दिवस काम घेतलं आहे. दुपारी डबा घेऊन तिथेच जाते.

तुझं पत्र पोचायला तीन आठवडे लागतात, माहीत आहे मला. तरी लिहून पाठव. भात कसा लिहायचा? ते आता रोज विचारतील, आणि मी रोज नुसता डबा पुढे करणार. एका शब्दाने उत्तर द्यावं असं वाटतं. मीठ कमी पडलं होतं, हेही येत असेल तर लिही.

ताई

*

२ मे

ताई,

भात म्हणजे टी, यू, आर, झेड. दिव्याची तीच तीन बटणं, पुढे झेड, डावीकडे अगदी खाली. मीठ म्हणजे एन, के, जे. कमी मला आठवत नाही. मीठ आणि नाही, असं लिही. त्यांना कळेल.

हे पत्र टपालाने टाकतोय, आणि मीही निघालोय. कप्तानाने पुढच्या बंदरात उतरायची परवानगी दिली. पत्र आधी पोचेल की मी, सांगता येत नाही. दोघांनाही उशीर झाला असेल तर मला दारात सांगू नकोस. आत घे, मग सांग.

अण्णा असतील तर त्यांचं बोट धरून त्यांना सांग की ठोंब्या येतोय. माझ्या नावाला हिब्रूत कुठली बटणं लागतात ते त्यांनीच शिकवलं होतं, प्रेसमधल्या त्या खुर्चीवर, आणि मी विसरलो. तू नुसती कोपऱ्यातली दोन बटणं दाब आणि माझं नाव त्यांच्या कानात सांग. ते पुढचं बघतील.

बाकी काय लिहू. चार दिवस झाले, जहाजावर कोणी ताट पुढे केलं की मला तुझा डबा आठवतो. तुझी तब्येत कशी आहे, काम कसं चाललंय, रडतेस का, राग गेला का, यातलं काही विचारत नाही. एकच विचारतो.

टी, एफ, के, स्वल्पविराम.

ठोंब्या